पुरू नका, आम्ही वाट पाहतोय

दाजींचं वारंगा फाट्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. ते बंद करून ते आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात कामाला गेले आणि तिथेच तापाने वारले. त्यांना नेणाऱ्या ठेकेदाराने बातमी दिली, कोणी आलं नाही तर तिकडे प्रेत पुरून टाकतात असं सांगितलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. दाजी ज्या दवाखान्यात होते तिथला सगळा कारभार फ्रेंचमध्ये.

बहिणीचं एकच म्हणणं होतं. त्यांना गावी, डोंगरकड्यात आणायचं आणि आपल्या हाताने अग्नी द्यायचा.

मोबाइलवर भाषांतर करून मी वाक्य काढलं: पुरू नका, आम्ही वाट पाहतोय. दवाखान्यात फोन लावून वाचून दाखवलं. तिकडच्या बाईला ओ की ठो कळलं नाही. आपण लिहिलंय ते सगळं उच्चारणार आणि या लोकांची निम्मी अक्षरं मुकी! असली चीड आली मला. घरचा माणूस मेलाय आणि मी मुकी अक्षरं हुडकत बसलोय.

शेवटी ऑनलाइन फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंनी क्रियापदं फोडून दिली. एका शब्दाच्या शेवटी मुकं असलेलं अक्षर कधी कधी पुढच्या शब्दाला चिकटून बोलायला लागतं, म्हणून शब्द बघून थांबायचं नाही, असं त्या म्हणाल्या. नां-ते-रे-पा, पुरू नका. नू-झा-तां-दों, आम्ही वाट पाहतोय. दिवसभर मी तेच घोकायचो. बहीण शेजारी तूर निवडत बसायची.

"काहून थांबला रे? अजून येकडाव म्हन," म्हणायची. तिचेही ओठ हलायचे.

पुन्हा स्पीकरवर फोन लावला तेव्हा वाक्य बराबर पोचलं.  मग तिकडचा माणूस मला समजावं म्हणून सावकाश, तोडून तोडून बोलला, "इ-ले-तां-ते-रे."

ते-रे तेच, पण शेवटी पा नव्हता. मला बहिणीला काही सांगावं लागलं नाही. तिचे सुपातले हात थांबले होते. रडू मलाच फुटलं.

"पुरताना तेंच्याजवळ कोन व्हतं, इचार की," ती म्हणाली.

ते मला विचारता येत नव्हतं. मला फक्त आभार मानता येत होते. ते मानले आणि फोन ठेवला.