शेख मास्तरांची शिट्टी

मंडळी, सकाळपासून हातात एक पितळी शिट्टी घेऊन बसलोय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराला आमच्या चिंचवडच्या कामगार वसाहतीत शेख मास्तर पोरांचं स्काउट पथक चालवायचे. माझ्याच कंपनीत फिटर होते. कंपनीला सुट्टी गुरुवारी, शाळेला रविवारी. म्हणून मास्तरांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. रविवारी पाळी सुटली की झोप न घेता तसेच मैदानावर यायचे. माझी दोन्ही पोरं त्यांच्याकडेच तंबू ठोकायला शिकली.

मग त्यांचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी रात्रपाळी बंद केली. ते माझ्या घरी आले. "भाऊ, पथक तुम्ही घ्या. पोरं तुमचं ऐकतात."

मी म्हणालो, "माझी सुट्टी गुरुवारची, मास्तर. कसं जमायचं?"

हे मी कुणाला सांगत होतो! रात्रपाळी मलाही मिळाली असती. मागितलीच नाही. वसाहतीतल्या बाकीच्या बापांनीही हेच सांगितलं. महिन्याभरात पथक बंद पडलं.

आज त्यांची मुलगी पत्ता शोधत निगडीला घरी आली. मास्तर गेले. तिने शिट्टी माझ्या हातात ठेवली. "अब्बा म्हणायचे, काका रिटायर झाले की येतील मागायला."

रिटायर होऊन मला वीस वर्षं झाली. एकदाही गेलो नाही.

आता माझे सातही वार रविवार आहेत. मघाशी गॅलरीत उभा राहून शिट्टी वाजवली. खालून वॉचमन ओरडला, "काय पाहिजे, आजोबा?"

काय सांगू त्याला?