घरची संत्री आणि ब्रेक ईव्हन

कारंज्यात इंग्रजीची ट्यूशन घेणारे आमचे सर कुणाचंही वाक्य मध्येच अडवायचे. ‘द फार्मर सोल्ड हिज बुल’ म्हटलं, की लगेच, "कोनता फार्मर? नाव सांग!" वाक्यातलं खरोखर घडलेलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मला बँकेत लागायचं होतं. नाही लागले तर बाबा उन्हाळ्यात माझं लग्न उरकणार होते. मी गाईडातून ‘ब्रेक ईव्हन’ उचललं. ना नफा, ना तोटा. ऐटीत म्हणाले, "द कंपनी ब्रोक ईव्हन."

"तुह्या बापाची कंपनी आहे का? बगीचा आहे ना? जाय, संत्री विकून ये. मंग बोलजो."

गेले आष्टीच्या बाजाराला. नायलॉनची साडी, काळा चष्मा, पुढ्यात टोपलं, आणि ओरडायची लाज! शेजारची वांगेवाली म्हणाली, "काऊन वं बाई, लग्नाले आली का बजाराले?" शेवटी तिनंच माझी संत्री ओरडून विकली. मी आपली सावलीत बसून त्यातलीच सोलून खात होते.

जाण्यायेण्याचं एसटीभाडं तेवढं निघालं. मी धावतच सरांकडे. "सर, आय ब्रोक ईव्हन!"

"अन् संत्र्यांचा खर्च?"

"घरचीच तर होती, सर!"

सर हसता हसता खोकायला लागले. "साऱ्या तालुक्याचं हेच आहे, पोरी. पानी घरचं, बैल घरचे, बाप घरचा. कोनी खर्चात धरतच नाई, अन् म्हन्ते बराबर सुटलं. तोटा झाला म्हन, तोटा!"

बँकेच्या मुलाखतीत, आमची संत्र्यांची बाग आहे हे कळल्यावर साहेबांनी विचारलं, बागेत काय सुटतं? माझं पाठ केलेलं सगळं उडालं. तोंडातून एवढंच निघालं, "माय फादर सेज वुई ब्रेक ईव्हन. बट ही नेव्हर काउंट्स हिमसेल्फ."

साहेब लिहिता लिहिता थांबले. मग हळूच म्हणाले, "माझेही वडील असंच म्हणायचे."

नोकरी लागली, पण थेट चंद्रपूरला. सर स्टँडवर सोडायला आले. आभाराचं एक लांबलचक, नक्षीदार इंग्रजी वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. खिडकीतून सुरू केलं, अर्ध्यात अडकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"मराठीत बोल वं," सर खालून म्हणाले, "गाडी सुटून राह्यली."

मराठीत ‘सर’ एवढंच जमलं. बँकेची नवी बाई खिडकीचा गज धरून भोकाड पसरून रडली, आणि गाडी सुटली.