पलंगापासून दिव्यापर्यंतचा कॉल

टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी संपून सोळा वर्षे लोटली, तरी ओळखीची माणसे त्यांना अजून नंबरप्लीजबाई म्हणत. बाईंना त्याचा राग नव्हता. माणूस कामावरून ओळखला गेला तर त्यात कमीपणा कसला, असे त्यांचे म्हणणे. काम नीट केलेले असले म्हणजे झाले.

आणि त्यांनी ते नीट केले होते. पाठ नसलेले उंच स्टूल, कानावर हेडफोन, समोर छिद्राछिद्रांचा बोर्ड. कोणी घरी रिसीव्हर उचलला की बोर्डावर एक चिमुकला दिवा लागे. बाई दोरीचे एक टोक त्याच्या छिद्रात खोचून "नंबर प्लीज" म्हणत, दुसरे टोक हव्या त्या नंबराच्या छिद्रात खोचून घंटी देत. दोन्हीकडची "हॅलो" ऐकू येईपर्यंत एक खटका उघडा ठेवायचा, मग तो मिटायचा. मिटला की ऑपरेटर बहिरी. नियमपुस्तकात हे एका ओळीत लिहिले होते. पण खटका खरोखर मिटला की नाही, हे तो मिटणारीखेरीज कोणालाही कळण्याची सोय नव्हती.

नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका सुस्त दुपारी, बाईंनी तो उघडा ठेवला. वाईट हेतूने नव्हे. हात जरा आळसावला, इतकेच. एक डॉक्टर एका माणसाला त्याच्या बायकोच्या आजाराविषयी सांगत होते, आणि तिला एवढ्यात काही कळू द्यायचे नाही, असे दोघांचे ठरत होते. ती बायको म्हणजे बाईंचे ब्लाउज शिवणारी शिंपीण. त्याच आठवड्यात बाई तिच्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या, तेव्हा माप घेता घेता ती म्हणाली, "आत कापड जरा जास्त सोडते हं. पुढच्या वर्षी उसवून सैल करून देईन." बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढचे वर्ष तिला दिसेल का, याचे उत्तर तिच्याआधी त्यांना ठाऊक होते, आणि तसे असण्याचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता.

तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. पुढे पर्यवेक्षक झाल्यावर मुलींच्या मागून फेऱ्या घालताना त्या कोणाच्या चेहऱ्याकडे पाहत नसत, फक्त खटक्यांकडे. चोरून ऐकणारा माणूस दुष्ट असावा लागत नाही, हे त्यांना त्या दुपारी कळून चुकले होते. त्याला मधोमध बसायला जागा मिळाली आणि त्याचा हात आळसावला की पुरते.

अशा बाईंच्या एकुलत्या एका मुलाने घर बांधायला काढले. तो यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंपनीत होता आणि महिन्यातले दहाबारा दिवस फिरतीवर असे. सून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, सकाळी सातला घराबाहेर. आजवर भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहिलेल्या बाईंना नव्या घरात तळमजल्यावरची खोली मिळणार होती. मागच्या वर्षी त्या भाड्याच्या जागेतल्या न्हाणीघरात त्या घसरल्या आणि पाऊण तास पडून राहिल्या होत्या. तेव्हापासून मुलाच्या जिवाला घोर लागला होता, हे कोणीही नाकारले नसते. बाई तर नाहीच.

भिंतींना प्लास्टर चढण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तिघे बांधकामावर पोचले. प्लास्टर एकदा चढले की तारा जिथे आहेत तिथे राहणार, म्हणून दिव्यांचे स्विच कोणते हे आजच ठरवायचे होते. वायरमनने दोन विटांवर एक फळी ठेवून तिच्यावर दिवे आणि स्विच जोडले होते, आणि शेजारच्या घरातून लांबलचक वायरने इंटरनेट आणून त्याचा डबा खिडकीत टेकवला होता. हा गृहस्थ पेन्सिल दातांत धरूनच बोलत असे. कोणत्या खोलीत काय लावायचे हे वहीत नव्हे, त्या त्या खोलीच्या विटांवर लिहून ठेवण्याची त्याची रीत होती.

"बघ आई," मुलगा म्हणाला, "भिंतीवर बटण साधंच दिसेल. पण पलंगावर पडल्यापडल्या फोनवरूनही दिवा लागेल. सकाळी त्या गुडघ्यांनी अकरा पावलं चालत जायला नको."

पावले त्याने मोजलेली पाहून बाईंना बरे वाटले. यंत्राचे त्यांना वावडे नव्हतेच; सारे आयुष्य यंत्रापुढे गेले होते. उजव्या गुडघ्याने असहकार पुकारल्यापासून पलंगावरून दिवा लागावा ही त्यांचीच मागणी होती, आणि गेले पंधरा दिवस त्या स्विचांची माहितीपत्रके भिंग लावून वाचत होत्या.

"मी इथं दाबलं," त्यांनी विचारले, "की निरोप कुठून जातो?"

"वायफायनं जातो."

"कुठं जातो ते विचारतेय."

"आधी आपल्या डब्याकडे. तिथून कंपनीच्या सर्व्हरकडे. तिथून परत आपल्या दिव्याकडे. क्षणात होतं, कळतसुद्धा नाही."

"आणि हा सर्व्हर कुठे असतो?"

"असतो कुठंतरी. दुसऱ्या देशात असेल."

"म्हणजे माझ्या पलंगापासून माझ्या दिव्यापर्यंत ट्रंककॉल."

वायरमनच्या दातांतली पेन्सिल खाली पडली. ट्रंककॉल म्हणजे परगावचा कॉल हे ठाऊक असण्याइतके त्याचे वय होते; असा कॉल दोनतीन एक्स्चेंजांतून जाई आणि प्रत्येक ठिकाणी कानाला हेडफोन लावून कोणीतरी बसलेले असे.

"ती वायर काढा हो जरा डब्यातून," बाई त्याला म्हणाल्या. "शेजाऱ्यांची."

वायरमनने वायर उपटली. मुलाने फोनवर दिव्याच्या चित्राला बोट लावले. एक चक्र गरगरत राहिले आणि मग अक्षरे उमटली की यंत्र संपर्कात नाही. दिवा तीन हातांवर होता.

"भिंतीवरचं बटण चालतंय ना पण," मुलगा म्हणाला.

"ते माझ्या आजोबांच्या घरातही चालायचं."

सून दुसरीकडे पाहून हसली. वायरमनने मुलाच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला आणि फळीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केले. "हे दुसरं बघा मावशी. झिगबी म्हणतात. हासुद्धा रेडिओच, पण घरातल्या घरात बोलणारा. याचं छोटं केंद्र घरातच ठेवायचं. भिंतीतला एक स्विच दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवतो, म्हणून घर मोठं असलं तरी अडत नाही. आणि हे सुटं बटण, सेलवरचं. पलंगाला चिकटवा नाहीतर उशीखाली ठेवा."

त्याने बटण दाबले. इंटरनेटची वायर जमिनीवर तशीच पडली होती, दिवा लागला.

"आता ते केंद्रही काढा."

"काढतो. मावशी ऐकायच्या नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून या बटणाची आणि स्विचची थेट गाठ मारून ठेवलीय." केंद्र निघाले. बटण दाबले. दिवा विझला, पुन्हा दाबल्यावर लागला.

"लोकल कॉल," बाई म्हणाल्या. "हे लावा माझ्या खोलीत."

"स्विचच्या खोक्यात न्यूट्रल लागेल, परतीची तार," वायरमन म्हणाला. "साध्या कामात आम्ही स्विचपर्यंत फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणतो, न्यूट्रल परस्पर दिव्याला जातो. मग दिवा बंद केला की हा स्विच उपाशी मरतो. वायफायवाल्याचंही तेच. साहेबांच्या यादीप्रमाणे लागेल तिथे टाकलंय मी. विटांवर बघा, लिहिलंय."

बाई पाहायला निघाल्या. वाळू चुकवत, भिंतीला हात लावत त्या एकेका खोलीतून गेल्या. बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात ठळक पेन्सिलीने लिहिलेले होते: वायफाय, वायफाय. मग त्यांची खोली. 'आई. वायफाय २. हालचाल १.' न्हाणीघराच्या भिंतीवर: 'आई. वायफाय १. हालचाल १.' त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या, आणि जवळच्याच दुसऱ्या मोठ्या खोलीत गेल्या. तिथे लिहिले होते: 'साहेब. साधे ४. न्यूट्रल नको.'

"हालचाल म्हणजे काय?" त्यांनी तिथूनच विचारले.

"सेन्सर," वायरमन म्हणाला. "माणूस हलला की कळतं."

"कुणाला?"

वायरमन आपल्या पकडीची धार तपासू लागला.

"मला," मुलगा दारात येऊन म्हणाला. "फोनवर. तू उठलीस का, न्हाणीघरात किती वेळ आहेस, एवढंच. त्यात कॅमेरा नाही काही."

"आणि इथं साधे का?"

मुलगा विटांवरची ओळ वाचू लागला. हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. बोलली ती सून. "मीच म्हटलं, आई. झोपायच्या खोलीत नको. कंपनीला काय करायचंय, आम्ही दिवा कधी..." ती मधेच थांबली.

"बरोबर म्हणालीस. तुझं काही चुकलं नाही. पण माझीही झोपायचीच खोली आहे."

"आई, तुझी गोष्ट वेगळी आहे."

"वय वेगळं आहे. कडी दोघांच्याही दाराला आहे ना?"

"पाऊण तास, आई." मुलाचा आवाज चढला नाही, खाली गेला. "पाऊण तास तू फरशीवर होतीस आणि मी परगावी एका पंपाचं झाकण उघडत बसलो होतो. मला काही कळलं नाही."

"ठाऊक आहे मला. पडले मी होते."

त्या सिमेंटच्या पोत्यावर टेकल्या. आजवर घरात कोणाला न सांगितलेली शिंपिणीची गोष्ट त्यांनी सहा वाक्यांत सांगितली. "मी वाईट नव्हते," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि तूही नाहीस. पहिले आठ दिवस तू काळजीनं बघशील. मग कंटाळा आला म्हणून बघशील. मग एखाद्या दिवशी विचारशील, आई, पहाटे चारला कशाला उठली होतीस? आणि मी उत्तर देईन. तेच मला नकोय. मी देईन ना उत्तर, तेच."

"मग काय करू? काहीच नको लावू?"

"हालचाल लागली तर मी या घरात राहायला येणार नाही. माझ्या दोन खोल्या मी अजून सोडलेल्या नाहीत."

"धमकी देतेस?"

"धमकी कसली, पत्ता सांगतेय."

वायरमनने खोकण्याचे निमित्त करून पाठ फिरवली. सून नवऱ्याकडे पाहत नव्हती. ती विटांवरच्या त्या 'साधे ४' कडे पाहत होती, जणू ते अक्षर तिचेच असावे.

बाई उठल्या आणि न्हाणीघरात गेल्या. तिथे अजून फरशी नव्हती, खडबडीत कोबा होता. भिंतीला पाठ लावून, डावा गुडघा दुमडत, उजवा पाय लांब टाकत त्या हळूहळू खाली बसल्या आणि मग कुशीवर आडव्या झाल्या. साडीला सिमेंट लागले. मुलगा धावत आला.

"उठवू नकोस. पेन्सिल घेऊन या हो तुम्ही." वायरमन आत आला. "त्या दिवशी मी अशी पडले होते. स्विच तिथे वर होता, छातीच्या उंचीला. सगळ्या जगाचे स्विच उभ्या माणसासाठी लावलेले असतात. माझा हात पोचला तो बादलीच्या कडीपर्यंत." त्यांनी हात पसरला. बोटे विटेला टेकली ती जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. "इथे खूण करा. ते सुटं बटण इथे लावा. एक पलंगाजवळ, असंच खाली. ही बटणं दाबली की याच्या फोनवर निरोप जाऊ दे. फिरतीवर असेल तर फिरतीवर."

"त्याला बाहेरचं इंटरनेट लागेल, मावशी," वायरमन म्हणाला. "केंद्र, डबा, कंपनी, सगळं आलं."

"लागू दे. तेवढा एक ट्रंककॉल चालेल. पण लावणार मी."

वायरमनने विटेवर फुली मारली. मुलगा उंबऱ्याच्या जागी उकिडवा बसला. त्याचे डोके आता आईच्या डोक्याच्या बरेच जवळ आले होते.

"आणि दाबता नाही आलं तर?" त्याने विचारले. "शुद्धच नसली तर?"

बाईंनी या प्रश्नाचा विचार केलेला होता. ज्या वयात तो करावा लागतो त्या वयात त्या होत्या, आणि त्याचे गोड उत्तर नाही हेही त्यांना माहीत होते.

"तर नाही आलं," त्या म्हणाल्या. "तू कामावरून फोन करतोसच की. आठ वेळा वाजूनही मी उचलला नाही तर शेजाऱ्यांना सांग, दार फोडायला. तोवरचा वेळ माझा."

मुलाला हे पटलेले नव्हते आणि ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. पण त्याने वायरमनकडे पाहून मान हलवली. पटल्यावाचून हलवलेली ती मान बाईंना पुरेशी होती. त्यांना त्याची संमती नव्हे, माघार हवी होती.

"मग सगळीकडे झिगबीच लावू, साहेबांच्या खोलीतही न्यूट्रल टाकतो," वायरमन म्हणाला. "गवंडी उद्या आठला येतोय."

"आमच्या न्हाणीघरातही एक बटण," सून म्हणाली. "खालीच. मीही घसरू शकते."

मुलाने हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. त्यांनी तळवा कोब्यावर रोवला, डावा गुडघा खाली घेतला, भिंतीतल्या स्विचच्या मोकळ्या खोक्याची कड पकडली आणि दोन दमांत उठल्या. मग वायरमनच्या हातातली पेन्सिल मागून घेऊन त्यांनी आधी तिथली, मग आपल्या खोलीतली 'हालचाल १' खोडली. वीट खडबडीत असल्याने एका रेघेने अक्षर जाईना. त्यांनी सावकाश, एकावर एक, पाच रेघा मारल्या.