सरांचा भाचा

हा देश आजवर बुडाला कसा नाही, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आमच्या घरमालकांना पाहिलेलं नाही. सहकारनगरातल्या आपल्या बैठ्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून हा माणूस रोज सकाळी सात ते साडेआठ देश वाचवत असे. अंगात बंडी, मांडीवर वर्तमानपत्र, शेजारी चहा. तेहेतीस वर्षं त्यांनी एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. म्हणजे वीस मार्कांचा विषय, तोही इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. पोरं आदल्या दिवशी पाठ करायची आणि पेपर दिल्यावर शाळेच्या जिन्यातच विसरायची. त्या तेहेतीस वर्षांचा राग सर आता केंद्रीय मंत्रिमंडळावर काढत. पहिल्या पानावर एखाद्या मंत्र्याचा फोटो दिसला की "उभे राहा, महोदय" असं बजावून त्याची उलटतपासणी घेत. उत्तर अर्थातच येत नसे. मग त्या फोटोवर गरम चहाचा कप ठेवला जाई. विरोधी पक्षनेत्यावर बशी. साडेआठपर्यंत झाडून सगळ्या पुढाऱ्यांच्या तोंडावर तपकिरी गोल उमटलेले असत, आणि दुपारी रद्दीत ते सगळे पक्षभेद विसरून एकत्र पडत.

मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायचो. गाव इस्लामपूर, नोकरी हिंजवडीला, कंपनीची बस पावणेनऊला चौकात. एक पाय बुटात आणि दुसरा बूट हातात धरून मी संसदेचं कामकाज ऐकत उभा राहायचो, कारण मध्येच निघालं तर "आपल्याला देशाचं काही पडलेलं दिसत नाही" असं ऐकावं लागे. सर मला अहो-जाहो करत. पुण्यात भाडेकरूला मिळणारा मान म्हणजे तेवढाच.

कायद्यावर त्यांची भारी भक्ती. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, लाल सिग्नलला आपली जुनी स्कूटर थांबवून ते शांतपणे उभे राहत. मागच्यानं हॉर्न दिला तर इंजिन बंद करत, स्कूटर स्टँडला लावत आणि त्याच्यापाशी जाऊन लाल रंगाचा अर्थ समजावून सांगत. तोवर सिग्नल हिरवा होऊन परत लाल झालेला असे. पण घराजवळच्या गल्लीत नो एंट्रीची पाटी लागली होती, त्यातून मात्र सर रोज बिनदिक्कत उलटे जात. एकदा मी मागे बसलो होतो, धीर करून विचारलं. म्हणाले, ती नो एंट्री चुकीची आहे आणि मी तसं लेखी कळवलेलं आहे. म्हणजे आपण कायदा मोडतो ते निषेध म्हणून आणि इतर लोक मोडतात ते बेशिस्त म्हणून, इतका साधा फरक. माझ्यासारख्या अडाण्याला तो समजायला वेळ लागला.

फाटकावर त्यांनी पाटी लावली होती: 'प्रचारासाठी बेल वाजवू नये. वाजवल्यास मागचा जाहीरनामा सोबत आणावा.' लोकसभेच्या वेळी एका उमेदवारानं ती वाचली नाही आणि बेल वाजवली. सरांनी त्याला आदरानं आत घेतलं, पाणी दिलं, आणि गादीखाली जपून ठेवलेला त्याच्या पक्षाचा मागचा जाहीरनामा त्याच्या हातात देऊन मोठ्यानं वाचायला सांगितलं. उमेदवार बिचारा हसून म्हणाला की मागच्या वेळी आपण या पक्षात नव्हतो. सर म्हणाले, हरकत नाही, आणि आत जाऊन दुसऱ्या पक्षाचाही घेऊन आले. बाहेर घोषणा देऊन देऊन कार्यकर्त्यांचे घसे बसले, पण गळ्यातल्या हारासकट साहेब चौथ्या पानापर्यंत वाचतच होते.

आता इतक्या सोवळ्या माणसाला भाडं कसं द्यायचं? तर रोख, पाकिटात, एक तारखेला. भाडेकरार नाही, पोलिसात नोंद नाही, काही नाही. मी सुरुवातीला विषय काढला तेव्हा सरांना फार वाईट वाटलं. "आपल्यात कागद कशाला?" म्हणाले. "कागद परक्यांत लागतो." खरं कारण पुढे एकदा गप्पांत निघालं. कागद केला की भाडं उत्पन्नात दाखवावं लागणार, त्यावर कर भरावा लागणार. त्या कराचं हे पुढारी काय करणार? खाणार. म्हणजे कर भरणं ही भ्रष्टाचाराला मदतच झाली, आणि तसली मदत सरांनी जन्मात केली नव्हती. तेव्हा चारचौघांत मी सरांचा भाचा होतो, त्यांच्या वाईच्या बहिणीचा मुलगा. कुणी आलं की मी त्यांना मामा म्हणायचं. बहिणीचं नाव, तिच्या यजमानांचं नाव, घाटाजवळचं घर, सगळं त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण तेवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळत नव्हती, म्हणून मीही गप्प बसलो.

मी कधीच मतदान केलेलं नाही हे एका सकाळी त्यांना कळलं, आणि माझी शंभरी भरली. चोवीस वर्षांचा घोडा, इंजिनिअर, आणि यादीत नाव नाही. तुम्ही लोक मतदानाच्या सुट्टीला लोणावळ्याला जाऊन भजी खाता म्हणून हे असले निवडून येतात, असं म्हणून त्यांनी त्या दिवशीचा कप मंत्र्याऐवजी माझ्यापुढे आपटला. खोटं कशाला सांगू, मला लागलं ते. मला खरंच मत द्यायचं होतं. रोज कपाच्या खाली कोण ठेवायचा हे ठरवण्यात आपलाही हात असावा असं वाटायला लागलं होतं. संध्याकाळी सर स्वतः मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज घेऊन आले. वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग 'निवासाचा पुरावा' हा रकाना आला आणि पेन थांबलं.

बराच वेळ ते पेनचं टोपण लावत आणि काढत बसले. मग म्हणाले, आपण इस्लामपूरला नाव लावलंत तर? मी म्हटलं, सर, माणूस जिथे राहतो तिथलाच तो मतदार, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यावर ते उठून आत गेले. दोन दिवस व्हरांड्यात अधिवेशन भरलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून एक कागद आत सरकला. सरांच्या लाइट बिलाची झेरॉक्स होती.

पंधरा दिवसांनी पडताळणीला बाई आल्या. मतदार यादीचं काम घरोघर फिरून करणाऱ्या, एरवी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. सरांना पाहताच त्या वाकून पाया पडल्या. सरांचीच विद्यार्थिनी निघाल्या. नागरिकशास्त्रात वीसपैकी एकोणीस पडले होते म्हणे. मग वही उघडून त्यांनी विचारलं, "हे इथेच राहतात ना, सर? आपले कोण?"

'भाडेकरू' एवढं म्हटलं असतं तरी माझं नाव लागलं असतं. मी सरांकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"भाचा," सर म्हणाले.

बाईंनी क्षणभर सरांकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. तुम्ही सांगितलंत म्हणजे पुरे, वेगळा कागद नको, असं म्हणून त्या गेल्या. त्या संध्याकाळी सर जेवले नाहीत. सकाळी मंत्र्याचा भलामोठा फोटो आला होता, त्याच्यावर त्यांनी कपही ठेवला नाही. मला वाटलं, चला, पश्चात्ताप झाला. तर मला पाहून म्हणतात, त्या बाईंनी नीट तपासायला हवं होतं, व्यवस्था सडते ती अशी.

मतदानाच्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी मला स्कूटरवरून नेलं, नो एंट्रीतूनच. यादीत आमची नावं एकाखाली एक होती. बाहेर आल्यावर माझं बोट हातात घेऊन त्यांनी शाईचा ठिपका उन्हात धरून पाहिला. "आता शिव्या द्यायचा अधिकार आला," म्हणाले. मत कुणाला दिलं हे त्यांनी विचारलं नाही. स्वतःचं तर त्यांनी चाळीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं. मला उगाच भरून आलं.

देश सोडून जाणाऱ्यांना सर पळपुटे म्हणत. पण पत्नी गेल्यावर गुडघेही गेले, आणि कॅनडातली मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या. कागद अर्थातच केला नाही. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. ती नो एंट्रीची पाटी काढली का, हा पहिला प्रश्न. मध्यंतरी एकदा आवाज खाली आणून म्हणाले की इथे कायमचं राहायचे कागद झाले आमचे, पण हे तुमच्यापाशीच ठेवा. आणि मग विचारलं की यादीत नाव आहे ना हो माझं अजून? मंत्र्यांना उभं करणाऱ्या माणसाचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

गेल्या आठवड्यात त्याच बाई वही घेऊन आल्या. याद्यांची दुरुस्ती चालू आहे. जे कायमचे गेले त्यांची नावं कमी करायची. बोगस नावांवर ऑफिसच्या बसमध्ये मी तावातावानं बोलत असतो. बाईंनी पुढच्या खोल्यांच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं.

"सर इथेच राहतात ना?"

"राहतात," मी म्हणालो. "मुलीकडे गेलेत. येतील."

"तुमचे कोण ते?"

"मामा."

बाईंनी सरांच्या नावापुढे बरोबरची खूण केली, वही मिटली आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "सरांना बहीण नव्हती कधीच. राखीपौर्णिमेला आम्ही वर्गातल्या मुलीच बांधायचो त्यांना."

मी रविवारी सरांना सांगितलं की नाव आहे. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"म्हणजे नीट तपासलं नाही त्यांनी," सर म्हणाले. "म्हणूनच बुडतोय हा देश."

मी हो म्हणालो. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.