खांबेट्याचा म्हसोबा

मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. तरी मधुसूदन खांबेट्याबद्दल मीच लिहिलं पाहिजे, कारण तो कसा घाबरला आणि घाबरून काय काय करत गेला हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. आकुर्डीच्या शिवारात नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात तो प्रेस शॉपचा सुपरवायझर होता आणि मी लगतच्या टूल स्टोअरचा कारकून. स्टोअरच्या जाळीतून त्याचं सगळं राज्य मला बसल्या जागी दिसायचं.

राज्य म्हणजे मोठमोठ्या प्रेसची एक रांग. कामगाराने पत्रा आत ठेवायचा, वरून लोखंडाचा ठोकळा धाडकन खाली यायचा आणि पंख्याची वाटी तयार व्हायची. मधुसूदन त्या रांगेतून ऐटीत फिरायचा. चुकलेल्या माणसाला शिव्या न देता असं काही बोलायचा की त्यापेक्षा शिव्या परवडल्या. चिंचवडला घर, बायको वासंती शाळेत शिक्षिका, रविवारी पुण्याला नाटक. मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा.

१९७३ साली मालोजी नावाच्या कामगाराचा उजवा हात ठोकळ्याखाली गेला. मधुसूदन तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहून काहीतरी सांगत होता. मी जाळीतून पाहिलं आणि मला स्टुलावरून उठताच येईना. मधुसूदननेच मालोजीला उचलून गाडीत घातलं. मालोजी वाचला, हात काही वाचला नाही. पुढे कितीतरी दिवस मधुसूदन एकच गोष्ट घोळवत राहिला.

"सुरेंद्र, आवाज नेहमीसारखाच आला रे. पत्र्यावर पडल्यावर येतो तस्साच. काही म्हणजे काही फरक नव्हता."

मग कंपनीने प्रत्येक प्रेसला दोन बटणं बसवली. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोकळा खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. शिवाय समोरच्या खांबावर सावधगिरीचं एक चित्र लावायचं ठरलं. मधुसूदन शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसला होता, हे साहेबांना कुठून तरी कळलं होतं. एक मोठा पत्रा, रंगाचे डबे आणि 'हात सांभाळा' हे दोन शब्द त्याच्या हवाली झाले.

चित्र काही होईना. हात काढायला बसलं की त्याला बोटं काढवत नसत. काढलीच तर ती बघवत नसत, म्हणून घासलेटात बुडवलेल्या बोळ्याने पुसून टाकायचा. असं करता करता हात गेला, नंतर प्रेस गेला, शब्दही गेले. उरलं काय, तर वर एक काळा जड पट्टा, खाली एक शेंदरी गोळा आणि दोघांच्या मधे फट. शेंदरी का, तर कारखान्यात फिरत्या चाकांवरचं झाकण त्याच रंगाने रंगवतात, इथे हात घालू नका म्हणून.

त्या फटीपायी त्याने दोन वर्षं घालवली. कधी पट्टा खाली आणायचा, कधी गोळा खरवडून लहान करायचा. मी एकदा वैतागून विचारलं की बाबा, तुला हवंय तरी काय?

"फट मोठी झाली की भीती वाटत नाही. मिटली की सगळं संपलेलंच असतं, मग भिऊन काय उपयोग? भीती मधेच कुठेतरी आहे. तेवढी जागा मला सापडत नाहीये."

सापडली की नाही हे बघायची त्याची एक रीत होती. घरी पत्रा भिंतीला टेकवायचा, समोर उभं राहायचं आणि फटीकडे हात न्यायचा. हात आपोआप मागे आला तर ठीक. नाही आला तर बोळा घेऊन पुसायला सुरुवात.

"सुरेंद्रभावजी, हे काय माणसाचं लक्षण झालं?" वासंतीवहिनी मला म्हणाल्या होत्या. "पत्र्याकडे हात न्यायचा, दचकायचं, आणि दचकलो म्हणून खूश व्हायचं!"

बोलण्यात चेष्टा होती, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. तिकडे कामावरही त्याची दशा झाली होती. प्रत्येक ठोक्याला डोळे मिटायचा. पोरं मागे हसायची. १९७५ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने राजीनामा दिला आणि आता चित्रंच काढणार असं जाहीर केलं. वासंतीवहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालणार होतं, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

"घाबरून नोकरी सोडली असती ना, तर मी समजून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "हे तर भीतीच घरी घेऊन आलेत. आता ती कुठे जायची?"

मी चहा प्यायलो आणि निघालो.

पुढच्या वर्षी पत्रा पुरा झाला. पुण्यात एका प्रदर्शनात तो आठवडाभर टांगला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग मधुसूदनने तो कारखान्याला देऊन टाकला, अट एवढीच की मालोजीच्या प्रेससमोरच्या खांबावर लावायचा. तिथे उभं राहणाऱ्याच्या पोटात रोज गोळा आला पाहिजे, असं तो म्हणत होता.

आणि आला की! त्या प्रेसवर आता सयाजी होता, आकुर्डीचाच, चांगला धिप्पाड गडी. पहिल्याच आठवड्यात तो स्टोअरच्या खिडकीशी येऊन मला म्हणाला, "खांबेटेसायबांनी ह्ये काय टांगलंय वो? नजर गेली की हात आखडतोय बगा." मी हे मधुसूदनला सांगितलं तेव्हा त्याने आनंदाने माझे खांदे गदागदा हलवले. खरं तर मलाही त्या चित्राकडे पाठ करून बसावंसं वाटत नसे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रेस बंद असतात, धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, आणि कामगार आपापल्या घरची माणसं कारखाना दाखवायला आणतात. सयाजी त्याच्या आईला, सरूबाईला, घेऊन आला होता. मधुसूदनही आमंत्रणावरून आला होता. सरूबाई प्रेसला हळदकुंकू वाहून वळल्या, समोर खांबावर चित्र बघितलं आणि जागच्या जागी खाली बसल्या.

"आरं सयाजी, ह्यो तर आपला म्हसोबा! हितंच व्हतं की त्याचं ठाण, आपल्या बांधाला. कंपनीनं जमीन घेतली तवा गेला त्यो. परत आलाय बग."

नाक नाही, डोळे नाहीत, नुसता शेंदराचा गोळा. म्हसोबा दुसरा कसा असतो? कोणीतरी माळ आणली, कोणी कुंकू लावलं, सयाजीने नारळ फोडला. खोटं कशाला बोलू, माझेही हात जोडले गेले. मधुसूदन आधी गोंधळला, मग त्याचे डोळे भरून आले. आपल्या चित्रापुढे कोणीतरी वाकलं याचं त्याला अप्रूप वाटत होतं. पुण्यात माशी फिरकली नाही आणि इथे नारळ फुटतोय, अशी मी त्याची यथेच्छ फिरकी घेतली.

दिवाळी झाली. एक दिवस जाळीतून माझं लक्ष सयाजीच्या प्रेसकडे गेलं. एक बटण लाकडाची काडी खुपसून दाबून ठेवलेलं होतं. सयाजी एका हाताने दुसरं बटण दाबत होता आणि मोकळ्या हाताने ठोकळ्याखाली पत्रा सरकवत होता. काम भराभर उरकत होतं. नवा सुपरवायझर माल वाढला म्हणून दुसरीकडे बघत होता. प्रेसमधले साचे बसवणाऱ्या कादरने ती काडी काढून फेकली, तर सयाजीने लगेच दुसरी खुपसली.

मी धावत जाऊन विचारलं तर तो हसला. "देव समोर बसलाय की. आता कशाला भ्यायचं?"

त्याच संध्याकाळी मी चिंचवडला गेलो. ऐकता ऐकता मधुसूदनचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आला आणि सयाजीपुढे त्याने हात जोडले. "अरे, तो देव नाही. मी काढलंय ते. घासलेटाच्या बोळ्याने पुसून पुसून काढलंय!"

"काढणाऱ्याला कुठं म्हाईत असतंय सायेब," सयाजी शांतपणे म्हणाला.

मधुसूदन साहेबांकडे गेला. चित्र उतरवलं तर कामगार काम बंद करतील म्हणून त्यांनी कानावर हात ठेवले. ते दिवस फार वाईट गेले. त्याचं जेवण सुटलं. दाराची कडी वाजली की तो उभा राहायचा, कोणीतरी बातमी घेऊन आलं म्हणून. मी दिसलो की आधी विचारायचा, "हात?" मी "आहेत" म्हणालो की मटकन बसायचा. मलाही रोज सकाळी जाळीतून आधी तिकडेच बघायची धास्ती बसली होती.

"त्याच्याजवळ भीती होती, सुरेंद्र. मी ती काढून घेतली," तो एकदा म्हणाला. वासंतीवहिनींनी तोंडाला पदर लावला.

शेवटी एका सकाळी, शिफ्ट बदलताना, सगळी माणसं समोर असताना तो आत आला. हातात रंग खरवडायची लोखंडी पट्टी होती. खांबाशी स्टूल ओढून तो त्यावर चढला. माणसांना तो भीत होता, आणि मला वाटतं, देवालाही भीत होता. न जाणो, सरूबाईंचंच खरं असलं तर? त्याने पट्टी गोळ्यावर टेकवली आणि दाबून ओढली. पत्र्यातून अशी किंचाळी निघाली की अख्ख्या शॉपने माना वळवल्या. सयाजी धावून गेला. कादरने त्याला कमरेला मिठी मारून धरलं. माळ तुटली, शेंदरी रंगाचे पापुद्रे खाली पडले, आणि मधुसूदन पत्रा कोरा होईपर्यंत थांबला नाही.

"गेला तुझा देव," तो धापा टाकत म्हणाला. "आता तुझा तूच आहेस."

सयाजीने त्याच्या तोंडात मारली. मधुसूदनने गाल चोळला नाही, तो फक्त प्रेसकडे बघत होता. भोंगा झाला, काम सुरू झालं. सयाजी पत्रा घेऊन उभा राहिला, त्याने हात आत नेला आणि एकदम बाहेर घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. खांबावरच्या कोऱ्या पत्र्याकडे बघितलं. मग खाली वाकून बटणातली काडी उपटली आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. मधुसूदन तिथेच भिंतीला धरून रडला.

याला आता सहा वर्षं झाली. मधुसूदन अजून चित्रं काढतो, पण पुरं झालेलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि कोणी मागितलं तरी देत नाही. तो खरवडलेला पत्रा म्हणजे त्याचं सगळ्यात चांगलं चित्र होतं, असं माझं मत आहे. ते कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

सयाजीने त्याला माफ केलेलं नाही. चिंचवडच्या बाजारात गाठ पडली की भर रस्त्यात तो मधुसूदनला शिव्या घालतो, देव बाटवला म्हणून. वासंतीवहिनी हाताला धरून ओढतात, पण मधुसूदन हलत नाही. शिव्या देताना सयाजी दोन्ही हात उगारतो, आणि मधुसूदन त्या हातांकडे बघत उभा असतो.