नोंदीबाहेरचा ड्रम

इस्तारी कोहपरेच्या हाताखाली शिकलेली माणसं आजही नट आधी बोटांनी फिरवतात, मग पाना लावतात. बोटांनी दोन-तीन आटे सरळ बसले नाहीत तर नट काढायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. घाईत पाना मारला की आटे मरतात आणि तोच नट कापून काढण्यात अख्खी पाळी जाते. इस्तारीनं हे कुणाला बोलून शिकवलं नाही. वाकडा बसलेला नट तो मुकाट्यानं काढायचा आणि ज्यानं बसवला त्याच्या हातात द्यायचा.

त्याचं गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्यापासून थोडं खाली. घरचा धंदा मासेमारीचा. बाप नदीवरून आला की आधी जाळं झटकायचा, जाळ्याचा फाटलेला डोळा शिवायचा आणि मगच भाताला बसायचा. इस्तारी घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि पुढे क्रशरचा फिटर झाला. खाणीतून आलेला चुनखडीचा दगड क्रशर फोडतो. तो थांबला की पुढची यंत्रं एकेक करून उपाशी पडतात.

त्या काळी स्टोअरमध्ये प्रत्येक रॅकला पुठ्ठ्याचं एक कार्ड लटकत असे. वस्तू आली की मांडायची, गेली की वजा करायची. कार्डावर वस्तू असे आणि रॅक रिकामा असे, हे नेहमीचंच. मग मागणीचा कागद निघायचा. त्यावर सह्या व्हायच्या. कागद खरेदीवाल्यांकडे जायचा, तिथं दुसऱ्या कागदांखाली दबायचा. माल दूरच्या शहरातून ट्रकनं यायचा. तोवर क्रशर बंद आणि शिव्या फिटरला. यंत्र काऊन बंद, हे प्रत्येक साहेब विचारी. सामान काऊन नाही, हे विचारायला कुणी खाली उतरत नसे.

मग कामगारांनी आपली सोय आपण केली. एक वस्तू लागत असेल तिथं दोन काढायच्या. एक बसवायची, एक दडवायची. इलेक्ट्रिकवाल्यांचं सामान पॅनेल रूमच्या छतावर, वेल्डरचं दगड ओतायच्या जुन्या हॉपरच्या पोटात. वस्तू गेटबाहेर जात नव्हती, म्हणून कुणी तिला चोरी म्हणत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

इस्तारीनं दडवली होती दोन मोठी बेअरिंगं. एकेक असं की उचलायला दोन माणसं लागावीत. क्रशरमागच्या शेडमध्ये निकामी ग्रीसचे ड्रम पडलेले असत. त्यातल्या एकात त्यानं चांगलं ग्रीस भरलं, बेअरिंगं तेलाच्या कागदात आणि वर प्लास्टिकमध्ये बांधली आणि सुट्टीच्या दिवशी चेनपुली लावून एकट्यानं आत सोडली. सिमेंटची धूळ बेअरिंगमध्ये शिरली की ते संपलं. म्हणून दर पावसाळा सरला की तो वरचं ग्रीस काढून नवं भरायचा. हे काम तो कुठंच दाखवू शकत नव्हता, म्हणून त्यासाठी पाळी संपल्यावर थांबायचा. बायकोला सांगायचा, ओव्हरटाइम होता.

पुढे स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आला. तो फक्त स्टोअरचा. खरेदीवाल्यांचा वेगळा, पगाराचा वेगळा, वर्कशॉपात कागदच. एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. तेव्हाच्या साहेबानं सांगितलं की जादा सामान कुणाकडे असेल त्यानं आणून द्यावं, काही होणार नाही. हरिदास नावाच्या वायरमननं विश्वास ठेवला आणि एक मोटर आणून दिली. त्याला चार्जशीट मिळालं. चौकशी बरीच चालली. शेवटी तो सुटला, पण कारखान्यात त्याचं नाव ‘मोटरवाला’ पडलं आणि त्याच्या पोरीच्या लग्नातही कुणीतरी ते नाव घेतलंच. इस्तारी त्या मांडवात बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ड्रमचं झाकण जरा जास्तच आवळलं.

यंदा आलं ते निराळं होतं. साहेब लोक त्याला ईआरपी म्हणत, बाकी सगळे सिस्टम. स्टोअर बघणाऱ्या प्रेमिलाबाईंनी कँटीनमध्ये उभं राहून ते समजावून सांगितलं. स्टोअर, खरेदी, दुरुस्ती, वजनकाटा, गेट, पगार, सगळ्यांची नोंद आता एकाच जागी. फिटरनं पुढच्या दुरुस्तीचं काम सिस्टममध्ये टाकलं की त्या कामाला लागणारं सामान त्याच्या नावानं राखून ठेवलं जाईल. साठा ठरलेल्या आकड्याखाली गेला की खरेदीची मागणी आपोआप निघेल. मात्र सिस्टमला जे ठाऊक नाही ते तिच्या लेखी नाहीच. म्हणून आधी मोजणी. कोनाड्यात, छतावर, खड्ड्यात जे असेल ते आणा, त्याची नोंद ‘आढळलेला साठा’ म्हणून होईल, कुणाला काही विचारणार नाही. मेंटेनन्सचे मॅनेजर रेड्डीसाहेब शेजारी उभे होते. त्यांनी तशी नोटीस काढून सही केल्याचं सांगितलं.

लोकांनी माना डोलावल्या. आठवडा सरत आला तरी एक वॉशरही कुणी आणला नाही.

इस्तारीच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. चोर म्हणवून घेऊन गेटबाहेर पडायचं नव्हतं. तसंच ठेवून जावं तरी जीव राहत नव्हता. उद्या क्रशर बंद पडेल, लोक दूरवरच्या मालाची वाट बघत बसतील आणि बेअरिंग त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर ग्रीसमध्ये असेल. हे आठवलं की त्याचा घास तोंडातच फिरायचा. शेवटी त्यानं ठरवलं की सुट्टीच्या दिवशी चेनपुली लावायची, बेअरिंगं काढायची आणि पाळी बदलताना स्टोअरच्या दाराशी ठेवून निघून जायचं. ज्याला सापडतील त्याला सापडतील.

सुट्टीच्या आदल्या दिवशी तो सकाळी शेडकडे गेला तर शेड रिकामं. जमीन झाडलेली, वर चुन्याच्या रेघा मारलेल्या. झाडणाऱ्या बाईनं सांगितलं, मोजणीसाठी साफसफाई चालू आहे, भंगारवाल्याची गाडी आत्ताच ड्रम भरून गेली.

कारखान्यात पळायला मनाई आहे. इस्तारी पळाला नाही, पण गेटपर्यंत पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

गाडी वजनकाट्यावर उभी होती आणि अडसर खाली होता. पूर्वी काट्यावरचा माणूस हातानं वजन लिहायचा, पहारेकरी चिठ्ठी बघायचा, अडसर वर जायचा. आता गेटपासावर किती ड्रम आणि एका ड्रमचं किती वजन, हे स्टोअरमधूनच आलेलं असतं. काटा आपलं वजन स्वतः कळवतो. दोन्ही जुळलं तर अडसर उघडतो. इथं जुळत नव्हतं. गाडी मागं घेऊन पुन्हा चढवली, तरी पडद्यावर लाल रंगच. तेव्हा सिक्युरिटीनं प्रत्येक ड्रममध्ये सळई घालून पाहिली आणि एकात खण्णकन वाजलं.

ड्रम चढवणारा सुकलू, ठेकेदाराचा हमाल, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले हात लांब धरून उभा होता. धानोऱ्याच्या पुढं जंगलातलं त्याचं गाव. घरी गोंडी, कामावर मराठी. ड्रायव्हर केव्हाच बाजूला झाला होता. गाडी भरणं माझं काम नाही, एवढंच तो सगळ्यांना सांगत होता. सिक्युरिटी अधिकारी सुकलूला पुन्हा पुन्हा विचारत होता की हे आत टाकायला कुणी सांगितलं, आणि एवढा जड ड्रम उचलताना कळलं कसं नाही.

“कळलं ना,” सुकलू म्हणाला. “जड होता म्हणून जास्त जोर लावला. जड काऊन हाय, हे इचाराचे पैसे मले ठेकेदार देत नाई.”

अधिकाऱ्याला ते उद्धट वाटलं. त्यानं पोलीस स्टेशनला फोन लावायला घेतला.

इस्तारीला परत फिरता आलं असतं. ड्रमवर त्याचं नाव नव्हतं. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं सुकलूच्या हातांकडं पाहिलं. ते ग्रीस चांगलं होतं, पिवळं, त्यानंच भरलेलं.

“त्याले सोडा,” तो म्हणाला. “ड्रम माहा हाय.”

गेटवरचा जुना पहारेकरी नानाजी पुढं झाला आणि त्याला दंडाला धरून बाजूला घेऊ लागला. “इस्तारीभाऊ, तू कायले मधात पडून राह्यला? बीपी वाढला तुहा. चाल, पानी पी.”

“पानी मंग पितो. क्रशरची बेअरिंगं हायेत आत, दोन. मीनं ठेवली. काढा भायेर, त्यायचे नंबर सांगतो.”

नानाजीनं दंड सोडला. कुणीतरी रेड्डीसाहेबांना बोलावून आणलं. मागोमाग प्रेमिलाबाई आल्या, हातात नवं स्कॅनर. साहेबांनी आधी सुकलूला हात धुवायला पाठवलं आणि सिक्युरिटी अधिकाऱ्याला फोन खाली ठेवायला सांगितलं. मग इस्तारीकडे वळले. इस्तारी सरळ उभा राहिला. चार्जशीट येणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

“गंजलीत?” साहेबांनी विचारलं.

“नसन.”

“नसन म्हणजे? पाहिलं कधी?”

“दर साली पाहतो. दिवाळीच्या आधी ग्रीस बदलवलं होतं.”

साहेबांनी ड्रममध्ये बोट बुडवून ग्रीस पाहिलं. मग अधिकाऱ्याला म्हणाले की नोटिशीवर सही माझी आहे, मोजणीच्या काळात कारखान्यात जे सापडेल तो आढळलेला साठा, आणि ही गाडी अजून गेटच्या आत आहे. ड्रम उतरवा, पास दुरुस्त करा, गाडी सोडा. एवढं बोलून ते निघालेसुद्धा.

इस्तारी तिथंच उभा. त्याला ते पुरेसं वाटेना. “बाई,” तो प्रेमिलाबाईंना म्हणाला, “माहं नाव लिहून घ्या. मंग कोनी म्हनाले नको, लपवलं म्हनून.”

“कुठी लिहू, भाऊ?” बाईंनी स्कॅनर त्याच्यासमोर धरलं. “हे पाहा. वस्तू, नंबर, नग, जागा, हालत. नावाचा रकाना ठेवलाच नाई. साहेबायनं काढाले लावला.”

इस्तारीनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. नावाचा रकाना खरंच नव्हता. तो काट्याच्या कठड्यावर बसला आणि नानाजीनं आणलेलं पाणी एका दमात प्यायला.

ड्रम उतरवायला सुकलूच आला. हात धुतलेले, पुन्हा ग्रीसमध्ये. “दादा,” तो म्हणाला, “बाकीच्यात काई ठेवलं असन तर आत्ताच सांग. मी एकडाव चढवले, एकडाव उतरवन. तिसऱ्यानं हात नाई लावत.”

“बाकीच्यात खराब ग्रीसच हाय.”

“मंग चांगल्यातच काऊन ठेवलं? खराबात ठेवलं असतं तर इतकं जड नसतं झालं.” हे खरं नव्हतं, पण दोघंही हसले आणि ड्रम खाली आला. गाडी पुन्हा काट्यावर चढली. वजन जुळलं, अडसर वर गेला. सुकलू मागच्या फळीवर बसून गेला. त्यानं वळून पाहिलं नाही. पुढं त्याची अजून एक खेप होती.

बेअरिंगं वर्कशॉपात नेली. इस्तारीनं ती रॉकेलनं धुतली, फडक्यानं टिपली आणि बाहेरचं कडं बोटानं फिरवून कान जवळ नेला. रोलर आवाज न करता फिरले. बाईंनी स्टिकर लावलं, ते निसटलं. इस्तारीनं ती जागा पुन्हा पुसली, सुक्या कपड्यानं, आणि मग ते चिकटलं. बाई स्कॅनरवर बोट फिरवत होत्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या की याच नंबरच्या बेअरिंगची मागणी सिस्टमनं परवाच आपणहून काढली होती, साठा शून्य दिसला म्हणून. ती आता रद्द. पुढच्या दुरुस्तीला यातलंच एक क्रशरच्या नावानं राखून ठेवलंय, असं त्यांनी पडद्यावर दाखवलं.

“म्हंजे फिटरनं इसरलं तरी सिस्टम इसरनार नाई?”

“आपन टाकलं तेवढं नाई इसरत.”

इस्तारीनं मान हलवली. त्या दिवशी त्यानं डबा उशिरा उघडला आणि पूर्ण खाल्ला. भात, वांग्याची भाजी, वर नानाजीच्या डब्यातला बोंबील. बऱ्याच दिवसांत त्यानं दुसऱ्याच्या डब्यात हात घातला नव्हता.

जेवण होईपर्यंत बातमी सगळीकडं गेली होती. वेल्डिंग शॉपातला झाडू नावाचा वेल्डर आला. त्यानं आधी हवापाण्याचं काढलं, मग क्रशरचं, मग इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. खरंच का, की नाव लिहिलं नाही?

“नाई लिहिलं,” इस्तारी म्हणाला.

“माह्याजवळ थोडंसंच हाय. हॉपरमंदी.”

“जा, घेऊन ये. पन पुसून आन.”