माशाचं स्थळ बघायला मढला

शनिवारी सकाळी थर्माकोलचा रिकामा डबा मांडीवर घेऊन मी घाटकोपरहून मेट्रोत बसले. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. तिच्यातल्या क्लाउनफिशच्या (प्रवाळात राहणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा) जोडीतली मादी दोन महिन्यांपूर्वी मेली. नवी जोडी जमली नाही तर टाकी बंद, असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच टाकीवर होता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भांडुपहून निघताना पप्पांनी विचारलं, प्रकल्प म्हणजे करायचं काय असतं? मी म्हटलं, आज माशासाठी मादी आणायची. ते बराच वेळ हसले. "म्हणजे स्थळ बघायला चाललीस. मुलगी नीट बघ गं."

वर्सोव्याहून फेरीबोट धरली. डबा पाहून शेजारच्या बाईंनी विचारलं, मासळी घ्यायला मढला कशाला, इथे मिळत नाही? हे मासे खायचे नसतात, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

मढला मॅडमच्या ओळखीच्या एक कोळी मावशी घरच्या पडवीत हे मासे वाढवतात. पाणी त्यांचे यजमान होडीनं लांबून, भरतीचं आणतात. पहिल्याच टाकीत समुद्रफूल (दिसायला फूल, पण खरं तर डंख मारणारा प्राणी) डोलत होतं आणि त्याच्या पाकळ्यांत एक जोडी खुशाल लोळत होती. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे यांना डंख बाधत नाही आणि प्रवाळात ते सारा जन्म अशा एका फुलाभोवती काढतात, हे मी पाठ केलं होतं. आमच्या टाकीतही असं फूल होतं, पण माझ्या वेळी त्यात एकटाच मासा; जोडी पाहत होते पहिल्यांदाच. शेजारी कौलाच्या तुकड्यावर नारिंगी अंडी होती. जोडीतला लहान मासा पंखांनी त्यांच्यावर पाणी ढकलत होता.

"बाप हाय तो," मावशी म्हणाल्या. "आई नुसती हुकूम सोडते."

त्यांनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाऊ घातली. मग मी धीर करून सांगितलं, सगळ्यात मोठी मादी द्या. त्यांनी विचारलं, तुमचा नर एकटा राहून किती दिवस झाले, अंगानं वाढला का? वाढला होता.

"अगं पोरी, तो आता बाई व्हायला लागला. यांच्यात मोठी मेली की नवराच मादी होतो. ही नेलीस तर दोघी एकमेकींचा जीव घेतील."

हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी टाकीच्या वहीत 'नर' लिहिलेलं होतं, म्हणून तेच धरून बसले होते. मावशींनी करंगळीएवढा मासा काढून पिशवीत सोडला.

"हा ने नवरा. गरीब हाय."

दुपारी कॉलेजात पोचले. मॅडम थांबल्याच होत्या. पाण्याचं तापमान जुळेपर्यंत पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग छोट्याला सोडलं. वहीतला 'नर', म्हणजे आताची मोठी, सरळ त्याच्या अंगावर धावून आली. छोटा पळाला नाही. तो एका कुशीवर कलला आणि सगळं अंग थरथरवलं. मोठेपण मान्य केल्याची ही त्यांची रीत. ती थबकली, त्याच्याभोवती फिरली आणि समुद्रफुलात शिरली. थोड्या वेळानं तोही मागोमाग गेला, आणि तिनं त्याला राहू दिलं.

शहरातल्या शहरात, शेवटी एक खाडी ओलांडण्याएवढाच हा प्रवास. पण पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर जिवंत हलताना पाहायला मला तेवढं लांब जावं लागलं.

टाकी राहू दे, मॅडम म्हणाल्या. मग त्यांना काळजी पडली, "अंडी घातली तर सुट्टीत रोज येणार कोण?"

वर्गात दोनदा विचारल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हटलं, "मी येईन."